भरलेली वाटी आणि तहानलेला बाजीराव

मुके सोबती

दोस्तांनो,

या अंकात मांजराच्या मिशांबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, आठवतंय ना? पण मिशा कुठे पळून जात नाहीत. त्यांचं पुढच्या वेळी बघू. कारण ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे दोन पत्रं येऊन पडली. एक आलं अमेरिकेतल्या ह्यूस्टनहून ई-मेलने, आणि दुसरं आलं संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावाहून, चक्क आंतरदेशीय पत्रावर. एकमेकांना न ओळखणाऱ्या या दोघांनी प्रश्न मात्र एकच विचारला होता : "काका, माझ्याकडे शॅमेलिऑन आलाय. त्याला नीट कसं ठेवू?"

आणि गंमत बघा, एकाला मी जे उत्तर दिलं त्याच्या अगदी उलट उत्तर दुसऱ्याला दिलं. असं का, ते शेवटपर्यंत वाचलंत की कळेल. दोघांनीही "नाव छापू नका हं" असं बजावलंय, म्हणून नावं देत नाही.

ह्यूस्टनची आपली मैत्रीण तेरा वर्षांची आहे. तिचे आजोबा नाशिकला असतात. ते आपल्या साप्ताहिकाच्या पानांचे फोटो काढून तिला पाठवतात. ती लिहिते :

"वाढदिवसाला बाबांनी मला शॅमेलिऑन आणून दिला. पाच महिन्यांचा आहे. मी त्याचं नाव बाजीराव ठेवलं. दुकानातल्या माणसाने काचेची पेटी, पाण्याची वाटी आणि रात्री लावायला लाल बल्ब दिला आणि म्हणाला, फार सोपं असतं. पण आज तिसरा दिवस. बाजीराव वाटीतल्या पाण्याला तोंड लावत नाही. काळपट पडलाय. डोळे खोल गेल्यासारखे वाटतात. मी त्याला सारखी हातात घेऊन थोपटते तरी बरं वाटत नाही. काका, तो मरेल का?"

हे वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. का, ते सांगतो.

मी सहावीत होतो. मामाच्या गावाला बोरीच्या झाडावर एक घोयरा सापडला. घोयरा म्हणजे आपल्याकडचा शॅमेलिऑन. मी त्याला बुटांच्या खोक्यात ठेवलं, झाकणाला भोकं पाडली, आत हिरवा पाला घातला आणि आजीची छोटी पितळी वाटी पाण्याने भरून ठेवली. रोज शाळेतून आलो की आधी खोकं उघडून बघायचो. चौथ्या दिवशी उघडलं तेव्हा घोयरा मेलेला होता. वाटी तशीच भरलेली होती. मला वाटलं, त्याला कसला तरी रोग झाला असेल. खरं कारण मला पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात सापडलं. तो तहानेने मेला होता. भरलेल्या वाटीच्या शेजारी!

शॅमेलिऑनला साचलेलं पाणी हे पाणी आहे असं सहसा कळतच नाही. तो झाडावर राहतो. तिथे वाट्या कुठल्या? पानावर दव पडतं, पाऊस पडतो, थेंब चमकतो आणि घरंगळतो. तो थेंब दिसला की हा जिभेने टिपतो. त्यामुळे त्या मुलीला मी लांबलचक उत्तर लिहायच्या आधी एकच ओळ पाठवली : "त्याला हातातून खाली ठेव, एखाद्या झाडाच्या कुंडीत बसव, पानांवर स्वच्छ पाण्याचा फवारा मार आणि लांब जाऊन बस. बाबांना सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करायला सांग."

त्याच रात्री तिचं उत्तर आलं : "काका, तो सात मिनिटं पाणी पीत होता! मी घड्याळ लावून मोजली."

मग मी तिला सविस्तर पत्र लिहिलं. त्यातलं मुख्य मुख्य इथे देतो.

आधी पाहुण्याचं गाव ओळखा

कुठलाही प्राणी घरी आला की पहिला प्रश्न विचारायचा, तू मूळचा कुठला? बाजीरावाची जात व्हेल्ड शॅमेलिऑन. याच्या डोक्यावर उंच तुरा असतो, पगडी घातल्यासारखा. मूळ गाव येमेन आणि सौदी अरेबियाचा नैऋत्य भाग. तिथल्या डोंगरउतारांवरच्या झाडाझुडपांत तो राहतो. दिवसा ऊन, रात्री गारवा, मोकळी हवा आणि पानांवर दव. आपल्याला दुसरं काही करायचं नाही, त्या झाडाचा एक तुकडा घरात उभा करायचा. एवढं पक्कं लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप सुचत जातं.

घर : रुंद नको, उंच हवं

काचेच्या बंद पेटीत हवा कोंडते. शिवाय काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं आणि वाटतं, आला दुसरा शॅमेलिऑन माझ्याशी भांडायला! दिवसभर तो घाबरून नाहीतर चिडून बसतो. म्हणून पिंजरा बारीक जाळीचा हवा. मोठ्या झालेल्या व्हेल्डला साधारण दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच एवढी जागा लागते. पिंजरा जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवा, म्हणजे तो आपल्याकडे वरून बघेल. उंचावर बसलं की त्याला सुरक्षित वाटतं.

आत आडव्यातिडव्या फांद्या लावा, काही बोटाएवढ्या जाड, काही पेन्सिलीएवढ्या. त्याचे पाय म्हणजे चिमटेच असतात. पुढच्या पायाची तीन बोटं आतल्या बाजूला आणि दोन बाहेरच्या. मागच्या पायाची बरोबर उलट. शिवाय शेपटी म्हणजे पाचवा हात. पकडायला काही नसेल तर हे सगळं फुकट.

झाडं खरी लावा. प्लॅस्टिकची नकोत, कारण व्हेल्ड शॅमेलिऑन पानंही कुरतडतो. जास्वंद चालते, आपला मनीप्लँट चालतो. लावण्याआधी पानं धुऊन घ्या, औषध फवारलेलं रोप आणू नका. आणि झाडी एवढी दाट हवी की मनात आलं की त्याला पूर्ण लपता आलं पाहिजे. "मग तो मला दिसणार कसा?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, लपायला जागा असली की तो आपणहून बाहेर येतो. नसली की कायम घाबरलेला राहतो.

दोन दिवे, दोन कामं

एक दिवा उबेसाठी. शॅमेलिऑनचं रक्त आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. सकाळी तो ऊन खाऊन गरम होतो आणि मगच भूक लागते. पिंजऱ्याच्या वरच्या एका कोपऱ्यात ऊन खायची जागा करायची. तिथे २९ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे अमेरिकेतल्या मापाने ८५ अंश फॅरनहाइट एवढी ऊब असावी. बाकीच्या पिंजऱ्यात २२ ते २६ अंश सेल्सिअस पुरे. म्हणजे गरम वाटलं तर त्याला सावलीत सरकता येतं. दिवा जाळीच्या बाहेर, वर. आत लावलात तर तो दिव्याला चिकटून भाजून घेईल, कारण अंगाला चटका बसतोय हे त्याला वेळेवर कळत नाही. ऊब हाताने अजमावू नका, थर्मामीटर लावा.

दुसरा दिवा अतिनील किरणांचा, लांब नळीचा. हा दिसायला साधा, पण याच्यावाचून शॅमेलिऑन जगत नाही. या किरणांमुळे त्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडांत जातं. नाहीतर हाडं मऊ पडतात, पाय वाकडे होतात, जबडा लोंबतो, जीभ बाहेर फेकता येत नाही. हे सगळं हळूहळू होतं आणि डोळ्यांना दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यासाठी उपयोगाचं नाही, काच हे किरण अडवते. आणि नळी प्रकाश देत राहिली तरी तिच्यातले हे किरण काही महिन्यांत कमी होतात. म्हणून डब्यावर लिहिलेल्या मुदतीत, साधारण सहा महिने ते वर्षभरात, ती बदलायचीच. फांदी दिव्यापासून किती लांब हवी, हेही डब्यावर असतं. नीट वाचा.

दोन्ही दिवे बारा तास चालू, बारा तास बंद. आणि तो लाल बल्ब? तो सरळ काढून टाका. रात्री अंधार आणि थोडा गारवा हवा. तुम्हाला कुणी रात्रभर तोंडावर दिवा लावून ठेवला तर?

पाणी पाजायची रीत

सकाळी दिवे लागायच्या आधी आणि संध्याकाळी पानांवर बारीक फवारा. दिवसा एक ठिबक करायची. स्वच्छ डब्याला बारीक भोक पाडा, पिंजऱ्यावर ठेवा, थेंब पानांवर पडू द्या. खाली पाणी गोळा करायला तबक ठेवा. पण दिवसभर सगळं ओलंचिंब नको. दोन फवाऱ्यांच्या मधे पानं सुकली पाहिजेत, नाहीतर बुरशी येते आणि छातीचा आजार होतो.

पाणी पुरतंय की नाही हे कसं ओळखायचं? त्याच्या विष्ठेतला पांढरा भाग बघा. पांढराशुभ्र असेल तर उत्तम. पिवळा-नारिंगी दिसला तर तहान आहे. डोळे खोल गेले तर जास्तच. सुरुवातीला हे बघायला किळस येते, पण डॉक्टर सगळ्यांत आधी हेच विचारतात.

जेवणाचं ताट

रातकिडे, रेशमाच्या अळ्या, मुद्दाम वाढवलेली झुरळं. स्वयंपाकघरातली नाहीत हं, त्यांनी काय खाल्लंय कोण जाणे! किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. वाढत्या पिल्लाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड. आणि एक गंमत : किड्यांनाही आदल्या दिवशी गाजर, हिरव्या भाज्या असं चांगलंचुंगलं खाऊ घालायचं. किड्याच्या पोटात जे असेल तेच शेवटी शॅमेलिऑनच्या पोटात जातं. देताना किड्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरायची, पिठीसाखर भुरभुरतो तशी. जीवनसत्त्वांची पूड मात्र महिन्यातून दोनदाच. जास्त झाली तर तीही बाधते. उरलेले रातकिडे संध्याकाळी काढून घ्या. ते रात्री झोपलेल्या शॅमेलिऑनला चावतात.

बागेतले किडे पकडून देऊ नका. आणि काजवे तर मुळीच नाहीत. काही काजव्यांमधलं विष एवढं जहाल असतं की एक काजवासुद्धा सरड्याचा जीव घेऊ शकतो.

हात खिशात!

दोस्तांनो, हे सगळ्यांत कठीण. शॅमेलिऑन मांजरासारखा मांडीवर येणारा नाही. थोपटलेलं त्याला आवडत नाही. वरून येणारा हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. उचलणं भागच असेल तर हात खालून, हळूच समोर धरा आणि तो स्वतः चढेपर्यंत थांबा. नंतर साबणाने हात धुवा, कारण सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. आणि एका पिंजऱ्यात एकच. "एकटा कंटाळेल म्हणून जोडीदार आणते" असं प्रेमाने केलंत तर दोघांनाही त्रास.

मग त्याच्याशी दोस्ती कशी करायची? रंगातून! लोक म्हणतात, शॅमेलिऑन ज्यावर बसतो त्याचा रंग घेतो. तसं नसतं. त्याचा रंग म्हणजे त्याचा मूड. थंडी वाजली, भीती वाटली की काळपट. निवांत असला की मोकळा हिरवा. राग आला की पट्टे उठतात. हे तो करतो कसं, याचा शोध जिनिव्हा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी पँथर शॅमेलिऑनवर लावला आणि २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. त्याच्या कातडीतल्या पेशींमध्ये अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते. तो निवांत असताना स्फटिक जवळजवळ असतात, खवळला की लांब होतात, आणि त्यामुळे परत फिरणाऱ्या उजेडाचा रंगच बदलतो. तर तिला मी म्हटलं, एक वही कर. रोज सकाळ-संध्याकाळ रंग, डोळे, खाल्लेले किडे लिही. पंधरा दिवसांत तुला तो न बोलता सांगायला लागेल.

आणि बाजीरावाची मस्तानी झाली

तिने वही केली, फोटोही पाठवले. एका फोटोत मागचा पाय स्पष्ट दिसत होता. मी चष्मा लावून परत बघितलं आणि तिला लिहिलं, "अगं, टाच बघ!" व्हेल्ड जातीच्या नराला जन्मापासून मागच्या टाचेवर एक छोटा उंचवटा असतो. इथे नव्हता. म्हणजे आमचा बाजीराव निघाला मादी. नाव बदलून लगेच मस्तानी झालं.

हसू नका, ही गोष्ट फार महत्त्वाची. मादी नराला न भेटतासुद्धा अंडी घालते. त्यातून पिल्लं निघत नाहीत, पण अंडी मात्र बाहेर यावीच लागतात. एका वेळी वीस-तीसपासून साठ-सत्तरपर्यंत! ती जमिनीत बीळ खणूनच घालते. खणायला माती मिळाली नाही तर अंडी आत अडकतात आणि ती मरते. पाच-सहा महिन्यांची मादी या वयाला आलेली असते. म्हणजे आमच्याकडे वेळ फार नव्हता.

तिच्या बाबांनी एक खोल डबा आणला. त्यात फूटभर धुतलेली वाळू भरली, मूठ वळेल इतकी ओली केली आणि डबा पिंजऱ्यात ठेवला. दहा दिवसांनी मस्तानीने खाणं सोडलं, पिंजऱ्यात वरखाली फिरू लागली, मग वाळूत उतरली. तेव्हा पिंजऱ्याला चादर लावून टाकायची, कुणीही डोकवायचं नाही. कारण आपल्याला कुणी बघतंय असं वाटलं की ती खणणं सोडून देते. पोरगी दीड दिवस त्या खोलीत पाय न वाजवता वावरली. डॉक्टरांचा नंबर फोनजवळ लिहून ठेवला होता. मादी थकून डोळे मिटून तळाशी पडून राहिली तर एक तासही थांबायचं नाही, असं त्यांनी सांगितलं होतं.

परवा ई-मेल आला : "काका, एकतीस अंडी! मस्तानी वर चढली आणि पंधरा मिनिटं पाणी प्यायली."

माझ्या डोळ्यांसमोर आजीची पितळी वाटी आली. असो.

आता संगमेश्वरचं पत्र

हा आपला मित्र अकरा वर्षांचा. रस्त्यावर घोयरा हळूहळू डुलत चालला होता. "विषारी आहे, मारा त्याला" म्हणत लोक काठ्या घेऊन आले. याने त्याला बिस्किटाच्या खोक्यात घातला आणि घरी पळवला. आता त्याला भाकरी आणि उकडलेलं अंडं देतोय, पण तो खात नाही. पिंजरा कसा करू, असं तो विचारतो.

पत्राखाली त्याच्या वडिलांचा फोन नंबर होता. मी लगेच फोन लावला आणि म्हटलं, "शाब्बास! तू त्याचा जीव वाचवलास. आता राहिलेलं अर्धं काम आजच कर. पिंजरा करू नकोस, त्याला परत सोड."

का? एक म्हणजे, घोयरा हा आपल्या रानातला प्राणी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याप्रमाणे त्याला पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. व्हेल्डसारखे परदेशी शॅमेलिऑन भारतात कुणी पाळत असेल तर त्यालाही २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारी नोंदणी करावी लागते. दुसरं म्हणजे, पावसाळा सरला की घोयऱ्याच्या माद्या झाडावरून उतरून अंडी घालायला मऊ जमीन शोधतात. रस्त्यावरून डुलत जाणारा तो घोयरा कदाचित अशीच एखादी आई असेल. तिला डबा भरून वाळू द्यायची गरज नाही. पलीकडचा बांध तिला पुरे आहे, फक्त मधला रस्ता ओलांडता आला पाहिजे.

सोडायचं कसं? समोर काठी धरायची, तो चढला की जिथे सापडला तिथेच, पण रस्ता सोडून, ज्या दिशेला तोंड होतं त्या बाजूच्या झुडपात ठेवायचा. जखमी असेल तर वनखात्याच्या १९२६ या नंबरावर फोन करायचा. आणि गावातल्या मोठ्यांना सांगायचं, घोयरा विषारी नसतो. तो फुगतो, फुस्स करतो, तोंड वासतो. ते सगळं नाटक!

सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात ना? मग ते कुंपण तरी आपण त्याला ठेवलं पाहिजे.

त्याच संध्याकाळी त्याच्या वडिलांनी फोन केला. पोराने घोयरा करवंदीच्या जाळीत सोडला, आणि काठ्या घेऊन आलेल्यांतलेच दोन काका तो दिसेनासा होईपर्यंत बघत उभे होते.

तर दोस्तांनो, प्रश्न एक आणि उत्तरं दोन का, आलं ना लक्षात? पेटीत जन्मलेल्या मस्तानीला रान परकं. तिला बाहेर सोडणंही चूक. फ्लोरिडा आणि हवाईमध्ये सुटलेल्या व्हेल्डनी बस्तान बसवलं आणि ती तिथल्या छोट्या जीवांना डोकेदुखी झाली. म्हणून तिच्यासाठी घरात झाड उभं करायचं. घोयऱ्याचं झाड मात्र बाहेर आधीच उभं आहे.

या आठवड्याचं काम : घराजवळच्या कुंपणावरचा किंवा झाडावरचा एखादा साधा सरडा शोधा. पकडू नका. रोज दहा मिनिटं लांबून बघा. रंग कधी बदलतो, मान कधी हलवतो, ऊन कुठे खातो, ते वहीत लिहा. चांगल्या नोंदी मला पाठवा, छापू.

पुढच्या आठवड्यात मिशा, नक्की!

तुमचा,
रानकाका